भिंतीवरचा फेर फिरतो कशामुळे?

वारली चित्रातला तारपानृत्याचा फेर बहुतेकांनी पाहिलेला असतो; मूळ भिंतीवर नसेल, तर निदान एखाद्या हॉटेलात किंवा कुर्त्याच्या काठावर. मधोमध तारपा फुंकणारा आणि त्याच्याभोवती वेटोळं घेत गेलेली, एकमेकांना धरून नाचणाऱ्यांची रांग. प्रत्येक माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर डोक्याचा गोल आणि रेघांचे हातपाय. शेणामातीच्या, गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढ्या सामग्रीत चेहरा, कपडे, सावली यांना जागाच नाही. तरी फेर फिरताना दिसतो. चित्राचा विषयच नाच आहे म्हणून तो फिरतो, हे उत्तर सहज सुचतं, पण पुरेसं नाही. हलणारी वस्तू काढली म्हणून चित्रात गती येत नाही. एक आकार पुन्हा पुन्हा येतो, पुढचाही तसाच येणार असं डोळा धरून चालतो आणि दर वेळी तो अंदाज जरासा चुकतो. गती येते ती या चुकण्यातून.

नुसत्या विषयाने किंवा अचूकपणाने काम भागत नाही, याचा पुरावा घोड्यांनी देऊन ठेवला आहे. फ्रेंच चित्रकार जेरिकोने 1821 मध्ये एप्समची डर्बी शर्यत रंगवली. त्यातले घोडे चारही पाय पुढे-मागे ताणून हवेत तरंगतात. 1878 मध्ये छायाचित्रकार मायब्रिजने कॅलिफोर्नियात पालो आल्टोला धावपट्टीलगत ओळीने कॅमेरे लावले आणि दाखवून दिलं, की भरधाव घोड्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. जेरिकोचा घोडा खोटा ठरला. पण मायब्रिजची एकेक चौकट सुटी पाहिली तर घोडा अडकल्यासारखा वाटतो आणि जेरिकोचे घोडे मात्र पळतात. शिल्पकार रोदँने तर चित्रकारच खरा आणि छायाचित्र खोटं, असा निवाडा दिला होता, कारण काळ थांबत नाही. मला त्यात आणखी एक कारण दिसतं : जेरिकोच्या चारही घोड्यांचा पवित्रा एकच आहे, पण त्यांच्यामधली अंतरं एकसारखी नाहीत. याउलट, इटालियन चित्रकार बाल्लाने 1912 मध्ये पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याचे पाय एकावर एक असे कितीतरी काढले. चित्र मजेदार आहे, पण त्यात मला गतीपेक्षा गतीचा तक्ताच जास्त दिसतो.

आता फेराकडे जवळून पाहू. त्रिकोण टोकावर उभा असल्यामुळे प्रत्येक शरीर मुळातच तोल सुटण्याच्या बेतात असतं. फेर वरून पाहिल्यासारखा, माणसं मात्र बाजूने पाहिल्यासारखी. त्यामुळे भिंतीला एक ठाम खाली-वर उरत नाही. शिवाय हात माणसाचा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (निधन 2018) यांची कागदा-कापडावरची चित्रं पाहा. एक आकृती किंचित जास्त कललेली, पुढचीची कंबर बारीक, दोघांमधली फट कुठे रुंद, कुठे नाहीशी. हाच फेर संगणकावर एकच आकृती फिरवून छापला, की त्याची नक्षी होते. सुबक असते, पण जागची हलत नाही.

यावर कोणी म्हणेल, की नाच आहे हे आधीच माहीत असतं म्हणून मन गती पुरवतं. मग चित्रकार ब्रिजेट रायलीचं 1961 मधलं ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ घ्या. काळे-पांढरे चौकोन, ना माणूस ना घोडा. उंची कायम ठेवून रुंदी तेवढी क्रमाने आवळत नेली आणि पुन्हा सैल सोडली, एवढ्यावर सपाट पृष्ठ आत ओढलं जातं. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. रेषा डोळ्याला ओढत नेते, असं कलाशिक्षक सांगतात. पण सोव्हिएत शास्त्रज्ञ यार्बुस यांनी नजरेच्या नोंदी घेतल्या, तेव्हा डोळा रेषेवरून घसरत नाही, उड्या मारतो असं दिसलं. चित्रकार रेपिनचं एकच चित्र समोर ठेवून प्रश्न बदलला, की उड्यांची वाटही बदलत होती. तेव्हा ओढत नेण्याची भाषा सोडलेली बरी. पण मूळ मुद्द्याला त्याने धक्का लागत नाही. डोळा कुठूनही कुठे गेला तरी दोन आकृत्यांमधला फरक त्याला मोजावाच लागतो, आणि आधीच्या मापाशी पुढचं माप जुळलं नाही की तो स्वस्थ बसत नाही.

नेमक्या अंतराने आकार स्थिर राहतो आणि अंतर चुकलं की हलतो, हा फरक वारली बायकांना कोणी शिकवायला गेलं नव्हतं. लग्नाच्या वेळी घरात लिहिल्या जाणाऱ्या चौकात पालघट देवी असते आणि तिच्या चारी बाजूंना नक्षीच्या दाट किनारी. त्या किनारींत तोच आकार नेमक्या अंतराने येत राहतो, कारण तिथे देवीला बसवायचं असतं. माणसं, झाडं, जनावरं विखुरलेली आणि कललेली दिसतात ती चौकाच्या बाहेर.