पायाखालच्या मातीतले औषध

टी.बी.चे नाव निघाले की एके काळी घरात रडारड सुरू व्हायची. कोंदट खोली, अर्धपोटी माणसे आणि अंगमोड काम यांच्याशी या रोगाची जुनी सोयरीक. त्यावरचे पहिले गुणकारी औषध मातीतल्या जिवाणूंनी दिले. ते कसे, हे आपल्या घरातल्या पोराबाळांनाही ठाऊक असावे असे आम्हाला वाटते.

चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू राहतात. जागा थोडी, खाणे थोडे. म्हणून काही जिवाणू शेजाऱ्याला मारणारे रसायन सोडतात. तेच अँटिबायोटिक. शोधणारे माती पाण्यात कालवून ते पाणी काचेच्या बशीत पसरतात आणि जिवाणू वाढवतात. मग त्यांच्याजवळ रोगजंतू सोडतात. एखाद्या ठिपक्याभोवती रोगजंतू वाढलेच नाहीत, तर तिथे औषध असण्याची आशा. मात्र ते माणसाला बाधत नाही ना, हे तपासण्यातच वर्षे जातात.

अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात १९४३ साली अल्बर्ट शॅट्झ हा २३ वर्षांचा विद्यार्थी तळघरातल्या प्रयोगशाळेत हेच काम करीत होता. खत घातलेल्या शेतातल्या मातीतून त्याला जो जिवाणू मिळाला, त्यातून स्ट्रेप्टोमायसिन निघाले. १९५२ चे नोबेल पारितोषिक मात्र त्याचे प्राध्यापक सेल्मन वॅक्समन यांना एकट्यालाच मिळाले. शॅट्झने त्याआधीच, १९५० साली, कोर्टात दाद मागितली होती. तेव्हा कुठे सहसंशोधक म्हणून त्याचा हक्क मान्य झाला. राबणाऱ्याचे नाव मागे पडते, हे तिकडेही चुकले नाही!

१९४८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत स्ट्रेप्टोमायसिनने रोगी सुधारले. पण काही महिन्यांतच अनेकांच्या अंगातले जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. म्हणून टी.बी.ला एका वेळी तीन-चार औषधे देतात.

जंतू असे निगरगट्ट होतात, म्हणून नवा शोध थांबवून चालत नाही. अडचण अशी, की मातीतले बहुतेक जिवाणू काचेच्या बशीत वाढतच नाहीत. अमेरिकेतील संशोधकांनी युक्ती केली. बारीक भोकांच्या पट्टीत एकेक जिवाणू ठेवून ती पट्टी पुन्हा मातीतच पुरली. त्यातून २०१५ साली टेक्सोबॅक्टिन हाती आले. कॅनडातल्या संशोधकांनी एका घराच्या परसातली माती आणून तिच्यातले जिवाणू वर्षभर सावकाश वाढवले. त्यातून निघालेल्या लॅरिओसिडिनची माहिती २०२५ साली जाहीर झाली. दोन्ही औषधे अजून दवाखान्यापर्यंत पोचलेली नाहीत.

तेव्हा हाती आहेत ती औषधे जपणे आपल्याकडे आहे. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले, म्हणून टी.बी.च्या गोळ्या सोडू नका. डॉक्टर सांगतील तितके महिने घ्या. त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. साध्या सर्दी-पडशाला अँटिबायोटिकचा उपयोग नाही. दुकानदाराला विचारून ती आणू नका. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या लेकराला देऊ नका. एक नवे औषध शोधायला अनेकांची उमेदीची वर्षे खर्ची पडतात. अर्ध्यावर सोडलेला डोस ती मेहनत मातीमोल करतो, आणि त्याची किंमत आपल्याच घरातल्या माणसाला मोजावी लागते.