भिंतीवरची उजेडाची रेघ

नोव्हेंबर संपत आला होता. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात, शाळेच्या भिंतीसमोर आठ-दहा मीटरवर धानाच्या पोत्यांनी भरलेली पिकअप उभी होती. भिंतीवर कोळशाने एक आडवी रेघ मारलेली. ती पिकअपच्या हेडलाइटच्या उंचीची. गाडीवाल्या भाऊंनी डिपर लावला. उजेड रेघेच्या वर चढला. बॉनेट उघडून, दिव्यामागचा स्क्रू ते हळूहळू फिरवत गेले, आणि उजेड रेघेखाली उतरल्यावरच त्यांनी हात पुसले.

भाऊंची गाडी 25 वर्षं धान वाहते. मी त्यांना विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, ‘‘माल भरला की गाडी मागून बसते आन् तोंड वर करते. मंग डिपरही समोरच्याच्या डोळ्यात जाते. त्याले काय मालूम, माह्या मागं किती पोते हायेत!’’

मी रोज गोंदियाहून कोहमाऱ्यापर्यंत दुचाकीने ये-जा करतो. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपून मी कितीदा कच्च्या साईडपट्टीवर उतरलो आहे. पण समोरच्याच्या डोळ्यांची काळजी निघण्याआधी घेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. म्हणून त्या रात्री त्यांच्या शेजारी बसून गोंदियाच्या राईस मिलपर्यंत गेलो.

हा धानाचा जिल्हा. दिवाळीनंतर बांध्या रिकाम्या होतात, खरेदी केंद्रं सुरू होतात आणि सगळं धान रस्त्यावर येतं. ट्रॅक्टर, पिकअप, ट्रक, तणसाने भरलेल्या ट्रॉल्या. काही गावांजवळ तर डांबरावरच धान वाळत घातलेलं असतं. त्यातच पांदणीतून न पाहता रस्त्यावर येणारी दुचाकी, एका हाताने मोबाइल धरलेला कारवाला. एका ट्रकने उजवा इंडिकेटर दिला की त्याचा अर्थ ‘मी वळतोय’ की ‘तू पुढे जा’, हेही मागच्याने ताडायचं. भाऊ ताडत बसत नाहीत, थांबतात.

नवेगावबांध मागे पडलं आणि समोरून पहिली कार आली, पांढराशुभ्र अपर लावून. भाऊंनी बोटाने दांडी हलवून दोनदा इशारा दिला. कारने ऐकलं नाही. मला वाटलं, आता हेही अपर मारतील. मी तेच करतो. त्यांनी ॲक्सिलेटरवरचा पाय काढला, नजर समोरच्या दिव्यांवरून उचलून डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवली आणि गाडी त्या पट्टीच्या आधाराने पुढे नेली. कार गेल्यावर म्हणाले, ‘‘तो आपल्याले आंधळा करून राह्यला म्हणून आपणही त्याले केला, तं रस्त्यावर दोन आंधळे झाले ना!’’

हिशेब साधा आहे. ताशी 60 किलोमीटरने गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. दिपलेले डोळे सावरायला 3 सेकंद लागले, तर 50 मीटर रस्ता आपण न पाहता कापतो. तेवढ्यात एखादी विनादिव्याची ट्रॉली असू शकते, सायकलवरचा म्हातारा असू शकतो. जुन्या दिव्यांत झगझगीत एलईडी बल्ब बसवून घेण्याची सवय आता गावोगावी पोचली आहे. हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात तो उजेड कसाही फाकतो. मग डिपर दिला तरी समोरच्याचे हाल चुकत नाहीत.

कोहमाऱ्याला महामार्ग ओलांडून आम्ही गोंदियाच्या रस्त्याला लागलो. डव्व्याजवळ भाऊंनी वेग कमी केला आणि हात जोडले. 29 नोव्हेंबर 2024 ला भंडाऱ्याहून गोंदियाला येणारी शिवशाही बस इथेच उलटली, 11 जण गेले. अचानक समोर आलेल्या दुचाकीला वाचवताना चालकाचा ताबा सुटला, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. भरदुपारची ती वेळ होती.

पुढे मुरदोलीचं जंगल. नवेगाव आणि नागझिरा या दोन जंगलांमधली वाघांची वाट याच रस्त्याला आडवी जाते. ऑगस्ट 2023 मध्ये इथे एका कारच्या धडकेने जखमी झालेला तरुण वाघ नागपूरला नेताना वाटेतच गेला. भाऊ इथे 40 च्या वर जात नाहीत. मागचा हॉर्न वाजवत राहतो, त्याला ते वाजवू देतात आणि जागा मिळताच बाजू देतात.

गोरेगावच्या अलीकडे पोत्यांनी भरलेली एक ट्रॉली रस्त्यातच उभी दिसली. टायर बसला होता. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. नुसते चार दगड मांडलेले. आम्हाला ती अगदी जवळ गेल्यावर दिसली. मला संताप आला. भाऊ उतरले, सीटखालून लाल रेडियमच्या पट्टीचं रीळ काढलं, ट्रॉलीच्या मागच्या फळीवरची धूळ दुपट्ट्याने पुसली आणि दोन्ही टोकांना वीतभर पट्ट्या चिकटवल्या. मग आपल्या दिव्यासमोरून बाजूला झाले. फळी लालभडक पेटून उठली. ट्रॅक्टरवाला पोरगा विशीचा असेल. तो नुसता बघत राहिला.

‘‘टायर बदलला का हे दगड उचलजो गा,’’ भाऊ त्याला म्हणाले. ‘‘तू निघून जाशीन, दगड इथंच राह्यते. मंग मागून येणारा दुचाकीवाला पडते.’’

रस्त्यावर बेशिस्त फार आहे आणि तिचा राग येणं चूक नाही. दंड हवा, तपासणी हवी. पण रात्री अकराला मुरदोलीच्या जंगलात पोलीस नसतो. तिथे दोन अनोळखी माणसं असतात आणि दोघांच्या बोटाखाली एकेक दांडी. दिसत नसलेल्या माणसाचा आपण विचार करायचा की नाही, हे तिथे रोज नव्याने ठरतं. भाऊ ते संध्याकाळीच, भिंतीसमोर ठरवून निघतात.

मिलमध्ये माल उतरवून आम्ही परतलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. ट्रॉलीच्या जागी भाऊंनी गाडी हळू केली. रस्ता मोकळा होता. चारही दगड कडेच्या गवतात, एकाला लागून एक ठेवलेले होते.