लाल खडकांच्या वाटेवर : आईला घेऊन एक दिवस

"दगडं बघायला काय जायचं? निम्मी हयात दगडं फोडण्यात गेली माझी." आईचे हे उत्तर ऐकून आम्ही गप्प बसलो.

आमची धाकटी बहीण अमेरिकेत नेवाडा राज्यातील लास वेगास शहरात परिचारिका आहे. तिच्या आग्रहाखातर गेल्या ऑक्टोबरात आम्ही आईला घेऊन तिच्याकडे गेलो होतो. दोन आठवडे आई घराबाहेर पडली नाही. गुडघे दुखतात, भाषा कळत नाही, आणि रोषणाईची तिला हौस नाही. शेवटी बहिणीने सुट्टी काढली आणि म्हणाली, "आई, गाडीतून उतरायचं नाही. नुसतं बसून बघायचं." जावईबापूंनी फराळ बांधून दिला आणि आम्ही तिघे निघालो. बहीण गाडी चालवते आहे व आपण शेजारच्या सीटवर बसलो आहोत, याचेच आईला अधिक अप्रूप होते.

लास वेगासच्या झगमगत्या रस्त्यापासून पश्चिमेला सुमारे २७ किलोमीटरवर 'रेड रॉक कॅन्यन' नावाचे राखीव क्षेत्र आहे. मोहावी वाळवंटातील ही सुमारे १ लाख ९५ हजार एकर जमीन आहे. १९९० साली खास कायदा करून तिला राष्ट्रीय संवर्धन क्षेत्राचा दर्जा देण्यात आला, आणि अशा दर्जाचे ते नेवाडातील पहिले क्षेत्र ठरले. जमीन केंद्र सरकारची, म्हणजेच जनतेची. आत मोटारीने फिरण्यासाठी २१ किलोमीटरचा वळसा घेणारा पक्का रस्ता आहे. तो एकेरी आहे, त्यामुळे एकदा आत शिरले की मागे फिरता येत नाही. ही गोष्ट आम्ही ऐकली होती, पण तिचा अर्थ नंतर कळला.

ऑक्टोबर ते मे या काळात दिवसा प्रवेशासाठी वेळ आधी आरक्षित करावी लागते. बहिणीने ते काम आठवडाभर आधीच करून ठेवले होते. आमच्या पुढची एक गाडी आरक्षण नसल्यामुळे परत फिरली. आत लहान मुले बसलेली होती. वाचकांपैकी कोणाचे नातलग तिकडे असतील, तर त्यांनी ही बाब ध्यानात ठेवावी.

प्रथम माहिती केंद्र लागते. तेथे वाळवंटी कासवाची माहिती मिळाली. हा प्राणी पावसाचे पाणी पिऊन मूत्राशयात साठवून ठेवतो आणि त्यावर महिनोन् महिने काढतो. म्हणून त्याला उचलू नये. घाबरून त्याने ते पाणी सोडले, तर कोरड्या दिवसांत त्याचा जीव जाऊ शकतो. मोहावीतील ही कासवे १९९० पासून धोक्यातील प्राण्यांच्या यादीत आहेत. बहिणीने हे सारे आईला समजावून सांगितले. आई म्हणाली, "शहाणं जनावर आहे."

पुढे कॅलिको टेकड्या लागल्या. लाल, भगवे, पांढरे पट्टे असलेले खडक उन्हात तापल्यासारखे दिसत होते. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी येथे वाऱ्याने उडणाऱ्या वाळूच्या टेकड्या होत्या. ती वाळू दबून दगड झाली आणि तिच्यातील लोहाला गंज चढून हा रंग आला. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे दूरच्या डोंगरावर या वालुकाश्माच्या डोक्यावर करडा चुनखडक बसलेला दिसतो, आणि तो खालच्या दगडापेक्षा कितीतरी कोटी वर्षांनी जुना आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातील रेट्याने जुना थर नव्यावर चढला. जुने खाली व नवे वर असा साधा नियम आम्ही शाळेत शिकलो होतो. येथे तो उलटलेला डोळ्यांनी पाहिला.

त्यापुढचा थांबा दगडाच्या जुन्या खाणीचा आहे. १९०५ ते १९१२ या काळात येथून बांधकामाचा दगड काढून लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्कोकडे पाठवीत. काढलेले भले मोठे चौकोनी ठोकळे अजून तेथे पडून आहेत. 'खाण' हा शब्द ऐकताच आई गाडीतून उतरली. दुखरा गुडघा विसरून ठोकळ्यापाशी गेली, त्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "मऊ दगड आहे. आपला काळा दगड हात फोडतो."

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील आमच्या गावाजवळ रस्त्याचे काम निघाले होते. नवी सून म्हणून आलेली आई तेथे खडी फोडायला जात असे. त्या मजुरीवर घर जगले. पुढे आम्हा भावंडांची वह्या-पुस्तके झाली, तीही मजुरीवरच.

बोलता बोलता आई एकदम ठोकळ्याला टेकली. "डोळ्यापुढं अंधारी आली रे," म्हणाली. बहिणीने धावत येऊन नाडी पाहिली, जीभ पाहिली. जीभ कोरडी पडली होती. पाण्याची बाटली उघडून पाहिली तर सकाळपासून भरलेलीच. "आई, पाणी का नाही प्यालीस?"

आई खाली बघून म्हणाली, "वाटेत जायला लागलं म्हंजे? तुमची पंचाईत."

आम्ही चपापलो. खडीच्या कामावर बायांना आडोसा नसे. म्हणून आई सकाळी पाणी पीत नसे, ते थेट अंधार पडल्यावर. ती सवय पन्नास वर्षांनंतरही अंगात तशीच होती. आम्ही कार्यकर्ते म्हणून सभांमधून पाण्याच्या हक्कावर बोलतो. आपल्या आईने पाणी पिणेच सोडले होते, हे आम्हाला कधी दिसले नाही.

मागे फिरण्याची सोय नव्हती. आईला गाडीत निजवले, गार हवा लावली आणि मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजले. "अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर सरळ दवाखाना," असे बहिणीने बजावले. तिचा आवाज स्थिर होता, पण बाटली धरलेला हात कापत होता. वाळवंटातील हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसत नाही, येताच उडून जातो. शरीरातले पाणी कमी झाल्याचे माणसाला कळत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी आईच्या चेहऱ्यावर तरतरी आली. शेजारी स्वच्छतागृह होते, बहीण तिला घेऊन गेली. परत आल्यावर आई हसून म्हणाली, "म्हंजे मी आन ते कासव सारखंच." त्या हसण्याने आमचा जीव भांड्यात पडला.

आता पुढे जायचे तिनेच ठरवले. विलो स्प्रिंग्ज या झऱ्याच्या जागी आम्ही सावलीत बसून भाकरी-चटणी खाल्ली. तेथे जवळच खडकावर माणसांच्या हातांचे तांबडे ठसे आहेत. फार पूर्वी येथे राहणाऱ्या लोकांनी ते उमटवले. घायपाताच्या जातीच्या झाडाचा गाभा तापलेल्या दगडांत भाजून खाण्याचे त्यांचे खड्डेही या परिसरात आहेत. ठशांना हात लावायचा नसतो. आईने आपला पंजा दुरूनच त्यांच्यासमोर धरून पाहिला आणि विचारले, "ही माणसं कुठं गेली?"

ती कुठेही गेली नाहीत. पायूट लोक या मुलखाचे जुने रहिवासी. बाहेरून वसाहतदार आले आणि झरे व जमीन यांच्या हातून गेली. १९११ साली हेलन स्टुअर्ट या बाईंच्या मालकीची लास वेगासमधील १० एकर जमीन सरकारमार्फत त्यांच्यासाठी मिळाली. १९८३ साली संसदेच्या कायद्याने शहराच्या वायव्येस सुमारे ३,८०० एकर जमीन त्यांना परत देण्यात आली. हे ऐकून आई म्हणाली, "दहा एकरात सगळी?" बराच वेळ ती त्या ठशांकडे पाहत राहिली.

अशा ठिकाणी जाणाऱ्यांनी माणशी निदान चार लिटर पाणी न्यावे, गाडीत इंधन पुरेसे ठेवावे, फोनच्या भरवशावर राहू नये. पावसानंतर ओला वालुकाश्म ठिसूळ होतो, त्यावर चढू नये. रानगाढवे रस्त्यावर येतात, त्यांना खाऊ घालू नये.

पण आमची खरी विनंती घरातल्यांसाठी आहे. वाळवंटात कशाला, आपल्या एस.टी.च्या प्रवासातही आपल्या आया-बहिणी पाणी न पिता बसतात. निघताना त्यांना "पाणी घेतलं का?" असे विचारून भागत नाही. "वाटेत कुठे थांबायचं?" हेही आपणच आधी विचारले पाहिजे, म्हणजे त्यांना पाणी पिता येईल.

परतताना आईने बाटली दोनदा रिकामी केली आणि दोनदा गाडी थांबवायला सांगितली. तिच्या मुलीने दोन्ही वेळा काही न बोलता गाडी थांबवली.