घरची यंत्रं (भाग 7) : गिझर पाणी तपासतो, हवा तपासत नाही

मागच्या आठवड्यात मोटरच्या स्टार्टरचं पाहिलं. त्यावर गावातल्या दोघा-तिघांनी वाटेत गाठून एकच सांगितलं, "ते राहू द्या, गॅस गिझरचं लिहा. दरवर्षी दिवाळी झाली की रुसतो."

रुसण्याचं मूळ दिवाळीत नसतं, उन्हाळ्यात असतं. होळी झाली की आपण गॅसचा कॉक फिरवतो आणि गिझर भिंतीवर तसाच सोडून देतो. सात-आठ महिने रिकामं राहिलेल्या घरात कोणीतरी बिऱ्हाड करणारच. मागच्या कार्तिकात मी आमच्या गिझरचा पुढचा पत्रा उतरवला, तर बर्नरच्या एका नळीच्या तोंडाशी बोटाएवढं मातीचं घरटं आणि आत वाळलेले कोळी. कुंभारीण माशीचं काम. पिल्लांची शिदोरी म्हणून ती कोळी असे कोंबून ठेवते. शेजारच्या नळीत जाळं, ते जिवंत कोळ्याचं. हसू नका, 2011 साली माझदा कंपनीला अमेरिकेत हजारो मोटारी परत बोलवाव्या लागल्या, कारण इंधनाच्या टाकीच्या हवेच्या नळीत कोळ्यांनी जाळी विणली होती.

त्याच देशात मोटारीमागे जोडून न्यायचं फिरतं घर असतं आणि त्यात ऊब देणारी गॅसची भट्टी. तिच्या धुराड्यातही या माश्या घर करतात, म्हणून लोक तोंडावर तारेची जाळी बसवतात. भट्टी आपल्या गिझरची चुलतबहीणच म्हणा. दोघांचा पहिला नियम एक: खात्री पटल्याशिवाय आग नाही. गिझरमध्ये पाणी शिरलं की रबरी पडदा फुगतो, दांडी सरकते, बटण दाबलं जातं, मग टक टक टक ठिणगी आणि गॅसची झडप उघडते. ज्योत लागली नाही तर काही सेकंदांत गॅस बंद. भट्टीत पाण्याच्या जागी वारा. पंख्याच्या झोताने एक पत्र्याची पाकळी हलली तरच पुढचं काम सुरू.

फरक पुढे आहे आणि तोच जिवावरचा आहे. ती भट्टी जळायला लागणारी हवा भिंतीबाहेरून घेते आणि धूरही बाहेरच सोडते. माणसं झोपतात त्या खोलीच्या हवेला ती हात लावत नाही. आपला साधा गिझर बाथरूममधलीच हवा घेतो आणि जळकी हवा तिथेच सोडतो. पाणी आलं का, ज्योत लागली का, एवढं तो पाहतो. खोलीत हवा उरली का, हे त्याला विचारता येत नाही.

थोडा हिशेब करू. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे साडेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीला साधारण 75 घनफूट हवा. पाच बाय सहाचं, आठ फूट उंचीचं बाथरूम घ्या: आत सगळी मिळून 240 घनफूट. एकामागून एक तिघांनी खिडकी लावून अंघोळ केली तर काय होईल ते तुम्हीच पाहा. प्राणवायू कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, म्हणून गळती कळते. इथे गळती नसतेच, त्यामुळे नाकाला काही कळत नाही.

आमच्या आजीच्या काळी हा प्रश्न नव्हता. तांब्याचा बंब अंगणात, पाचट आणि बुडखे घालून पेटवलेला, न्हाणी वरून उघडी. आता अंगणात बिबट्या फिरतो, पहाटे अंधारात बंब पेटवायला जाणार कोण? वीज केव्हा जाईल याचा नेम नाही आणि रात्रभर शेतात पाणी धरून आलेल्याला लगेच गरम पाणी हवं. गॅस गिझर आला तो या सोयीपोटी. पण न्हाणीही बदलली: फरशी, घट्ट दार, सरकत्या काचेची खिडकी. आमच्या गावात, निमगाव सावात, पौषातल्या पहाटे ती काच कोण उघडी ठेवतो?

आमच्याकडेही ठेवत नसत. एकदा आई अंघोळीहून आली आणि ओसरीवर बसून राहिली. डोकं जड, मळमळ. आम्ही म्हटलं पित्त झालं असेल. दुसऱ्या दिवशी मी ज्योत पाहिली तर पिवळी, म्हणजे गॅस अर्धवट जळत होता. बसवणाऱ्याने गिझर आतल्या भिंतीवर लावला होता आणि मीही काही बोललो नव्हतो. त्याच आठवड्यात गिझर बाहेर, पडवीच्या भिंतीवर गेला आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आली. माझं मत विचाराल तर याहून मोठी देखभाल नाही. बाकी सगळं त्याच्यानंतर.

बाकीचं असं. गॅस बंद करून बर्नर जुन्या टूथब्रशने कोरडा घासा, नळ्यांत सायकलच्या पंपाने हवा मारा. गॅस सोडणाऱ्या जेटच्या भोकात सुई घालू नका, भोक रुंदावलं की ज्योत कायमची बिघडते. तांब्याच्या पात्यांवर काजळी दिसली तर आधी काजळीचं कारण शोधा. पाण्याच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तिच्यात टाकीतली रेती अडकते आणि धार बारीक झाली की पडदा फुगतच नाही. बहुतेकांचा 'बंद पडलेला' गिझर हाच. बोअरचं पाणी असेल तर नळीत क्षार बसतो. तो लिंबूसत्त्वाच्या पाण्याने निघतो, पण ते काम कारागिराकडून करवा. ठिणगीचे सेल होळीलाच काढून ठेवा, नाहीतर पाझरून पट्ट्या गंजतात. मग गिझरला जुन्या लुगड्यात गुंडाळा आणि दिवाळीला पेटवण्याआधी लुगडं काढायला विसरू नका. ऊस तुटला की उंदीर घराकडे वळतात, तेव्हा गॅसची नळी बोटांनी चाचपा. नारिंगी सुरक्षा नळीही पाच वर्षांत बदलायची असते. गळती साबणाच्या फेसाने पाहा, काडी ओढून नव्हे.

गिझर आतून हलवणं आज जमत नसेल तर बादली भरून घ्या, गिझर बंद करा, खिडकी उघडून जरा थांबा, मग अंघोळीला बसा. पाठोपाठ अंघोळी नकोत. आतला माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार तोडा, त्याला उघड्यावर आणा, गॅस बंद करा, 108 ला फोन लावा आणि डॉक्टरांना 'गिझर चालू होता' हे पहिल्या वाक्यात सांगा. गॅसचा वास आला तर 1906. हे दोन्ही आकडे बाथरूमच्या दाराबाहेर खडूने लिहून ठेवा.