काळ्या मातीतील जास्वंद

सुरत–भुसावळ लोहमार्गाने नवापूर मागे टाकून नंदुरबारकडे निघाले असता वाटेत चिंचपाडा लागतो. एका अंगास डांगच्या सागवनांची सीमा आणि दुसऱ्या अंगास तापीच्या खोऱ्यातील कपाशीची काळी जमीन, अशा दोन निरनिराळ्या प्रकृतींच्या मधोमध वसलेला हा मुलूख सरकारी दफ्तरात कधी पश्चिम खानदेशात, मग धुळे जिल्ह्यात आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात दाखल झाला. त्याच्या ऋतुमानात मात्र या फेरफारांनी तसूभरही बदल झाला नाही. पाऊस येथे शहादा-नंदुरबारपेक्षा सढळ, म्हणून भाताची खाचरेही दिसतात. परंतु मृगापूर्वीचे दोन महिने असे कठोर की पारा चाळीस अंशांच्या पुढे सरकतो, पळसाचा बहर केव्हाच ओसरलेला असतो आणि घरापुढील अंगणात हिरवे म्हणावे असे फारसे काही उरत नाही. अशा दिवसांत फुलेल आणि वर्षानुवर्षे टिकेल असे झुडूप कोणते, हा प्रश्न येथील बागकामाच्या हौशी गृहस्थास दरसाल पडतो, आणि त्याचे उत्तर बहुधा शेजारच्या कुंपणातच उभे असते.

उन्हाळ्यात फुलणारी काटक जास्वंद म्हणून जगभरच्या बागाईतदारांत जिची ख्याती आहे, ती आपली तांबडी जास्वंद नव्हे. ती तिची थंड मुलखातील चुलत बहीण होय. लिनेअसने १७५३ साली तिचे शास्त्रीय नामकरण करताना तिला सिरियाची रहिवासी ठरवले. वास्तविक तिचे मूळ घर चीनमध्ये, त्यामुळे शास्त्राच्या कागदोपत्री तिचे वतन एकीकडे आणि जन्मभूमी दुसरीकडे, अशी अवस्था गेली पावणेतीनशे वर्षे चालू आहे. दक्षिण कोरियाने तिला राष्ट्रीय पुष्पाचा मान दिला आहे आणि त्या देशाच्या राष्ट्रगीताच्या ध्रुवपदातही तिचा उल्लेख येतो. जपानी चहासमारंभाच्या परंपरेत तिच्या एका पांढऱ्या, मध्यभागी तांबड्या ठिपक्याच्या जातीस सेन सोतान या चहाचार्यांचे नाव मिळाले आहे. हिवाळ्यात तिची सर्व पाने गळतात, शून्याखाली वीस अंशांपर्यंतची थंडी ती निमूटपणे सोसते, वसंतात इतर झुडपांच्या मागाहून पालवते आणि नव्या फुटव्यांवर थेट शरदापर्यंत फुलत राहते. आपल्याकडील रोपवाटिकांत ‘निळी जास्वंद’ या नावाने निळसर जांभळ्या फुलांचे, तीन खाचांच्या लहान पानांचे जे रोप विकले जाते, ते बहुधा हिचेच असते.

परंतु काटकपणा ही वस्तू निरपेक्ष नाही; कोणत्या संकटापुढे काटक, हे विचारल्यावाचून तिची किंमत होत नाही. चिंचपाड्यास हिमाचे भय नाही, येथील संकट वैशाखातील कोरड्या वाऱ्याचे, उन्हात भेगाळणाऱ्या आणि पावसात चिकट होणाऱ्या मातीचे. थंडीच्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेली निळी जास्वंद या दुसऱ्या परीक्षेतही नापास होत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण तिला दुपारनंतरची सावली लागते आणि माघात ती ओकीबोकी दिसते. उलट आपली गावठी तांबडी जास्वंद बारमाही हिरवी; हिमाचा एक कडाका तिला पुरेसा होईल, पण उष्म्याशी तिचा जुना स्नेह आहे. मोठ्या, बहुरंगी फुलांच्या संकरित जाती रोपवाटिकेत मन मोहून घेतात हे खरे. तथापि त्यांपैकी कित्येकींना असा दाहक उन्हाळा मानवत नाही, आणि अंगणात एकच झुडूप लावायचे असेल तर प्रस्तुत लेखक निःशंकपणे गावठीच्याच बाजूने कौल देईल.

या तांबड्या जास्वंदीची आपल्याकडील वहिवाट जुनी आहे. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर सिद्ध करवलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथात, १६७९ साली निघालेल्या दुसऱ्या खंडात, ती सचित्र नोंदलेली आहे. आणि त्याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित व आपुभट या तीन कोंकणी वैद्यांचा देवनागरीत लिहिलेला दाखला छापलेला आहे, ही गोष्ट मराठी वाचकास विशेष कौतुकाची वाटावी. विस्मयाची बाब अशी की इतकी सर्वपरिचित असूनही ही वनस्पती रानटी अवस्थेत कोठे निश्चितपणे आढळलेली नाही. ती माणसाच्या सोबतीनेच वाढलेली आणि माणसाच्या हातूनच पसरलेली आहे.

लागवडीत खरी मेहनत मातीची आहे, आणि येथे घाई केली तर पुढची सारी मशागत व्यर्थ जाते. काळी जमीन ओलावा उत्तम धरते, पण श्रावणात तिच्यात पाणी तुंबले म्हणजे मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. म्हणून उन्हाळ्यातच दोन फूट लांब-रुंद आणि तितकाच खोल खड्डा खणून तो उन्हात चांगला तापू द्यावा, आणि भरताना निघालेल्या मातीत मुरूम किंवा जाड वाळू व पुरते कुजलेले शेणखत मिसळून झुडपाचा बुंधा भोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित उंचवट्यावर राहील अशी तजवीज करावी. आपल्या काळ्या जमिनीत चुन्याचा अंश बहुधा अधिक असतो, त्यामुळे मातीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर खताचा आणखी एक हप्ता देण्यापूर्वी हे कारण ध्यानात घ्यावे आणि कंपोस्ट वाढवावे, अथवा लोहाचे द्रावण पानांवर फवारावे. स्फुरदाचा अतिरेक जास्वंदीस सोसत नाही, नत्राच्या अतिरेकाने पानेच पाने येतात, आणि फुलांसाठी पालाश लागते. चुलीतील राख मात्र चुनखडीच्या जमिनीत बेताने वापरावी, कारण ती तोच दोष वाढवते.

पाण्याविषयी सांगायचे तर नियमितपणा हा प्रमाणापेक्षा महत्त्वाचा. वैशाखात कळ्या न उमलताच गळून पडतात, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. आणि दोन दिवस कोरडे ठेवून तिसऱ्या दिवशी हंडाभर पाणी ओतण्याचा शिरस्ता हे तिचे एक प्रमुख कारण होय. आळ्यात भाताचा पेंढा किंवा उसाचे पाचट अंथरले तर निम्मी चिंता मिटते, फक्त ते बुंध्याला चिकटू देऊ नये.

छाटणीचे तत्त्व दोन्ही भगिनींना सारखेच लागू आहे, कारण दोघीही नव्या फुटव्यावर फुलतात. निळीची छाटणी माघाच्या अखेरीस, पालवी फुटण्यापूर्वी करावी आणि जून फांद्यांचा सुमारे तिसरा हिस्सा काढून टाकावा. तांबडीला ऐन उन्हाळ्यात कात्री लावू नये. मात्र भाद्रपदात गणपतीसाठी फुलांची रेलचेल हवी असेल, तर ज्येष्ठात पहिला पाऊस पडताच शेंडे हलके खुडावेत, म्हणजे नवे फुटवे वेळेवर कळ्यांना येतात.

कपाशीच्या प्रदेशात जास्वंद लावणाराने आणखी एक नाते विसरू नये. कपाशी, भेंडी, शेताच्या बांधावरची अंबाडी आणि अंगणातील जास्वंद ही सारी एकाच कुळातील मंडळी. फुलाच्या मध्यभागी पुंकेसरांची जी नळी उभी असते, ती कपाशीच्या फुलातही तशीच दिसते. नाते आले की सामाईक शत्रूही आले. तांबडे ढेकूण या साऱ्या कुळावर हक्काने वावरतात, आणि अमेरिका खंडातून आलेल्या पिठ्या ढेकणाने या शतकाच्या पहिल्या दशकात भारतातील कपाशीवर धुमाकूळ घातला, तेव्हापासून जास्वंदीचे झुडूप हे त्याचे एक आवडते आश्रयस्थान ठरले आहे. पऱ्हाट्या उपटल्यावर शेत मोकळे होते, पण कुंपणातील जास्वंद हिरवीच असते. कीड तेथे उन्हाळा काढते आणि पाऊस पडून कपाशी उगवली की पुन्हा शेतात उतरते. म्हणून मृगापूर्वी शेंड्यांच्या बेचक्यांत कापसासारखी पांढरी पिठी दिसते का, हे पाहण्याचा परिपाठ ठेवावा. दिसल्यास तेवढा शेंडा कापून जाळावा, उरलेल्या भागावर साबणाच्या सौम्य पाण्याचा जोरदार फवारा द्यावा, आणि बुंध्यावरून चढणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त करावा, कारण गोड स्रावाच्या लोभाने त्याच या किडीचे रक्षण करतात. जहाल औषधे येथे टाळलेलीच बरी: एनासियस नावाची एक अतिसूक्ष्म गांधीलमाशी या ढेकणाच्या शरीरात अंडी घालून त्याचा निःपात करते, आणि औषधाने आधी मरते ती तीच.

जागा मुबलक असेल तर या कुळातील आणखी एखादे झुडूप जोडीला लावता येते. सकाळी पांढरे, दुपारी गुलाबी आणि सायंकाळी तांबडे होणारे एका जास्वंदीचे फूल मुलांना फार आवडते, आणि पूर्व आफ्रिकेतून आलेली, पाकळ्यांच्या झालरी खाली लोंबणारी कातरी जास्वंदही शोभिवंत. पण पहिलीला पाणी अधिक लागते आणि दुसरीच्या फांद्या वाऱ्यात मोडतात.

रोप विकत आणण्याची आवश्यकता नाही. आषाढात, हवेत दमटपणा असताना, ज्या झुडपाने दोन-तीन उन्हाळे नीट काढलेले आहेत अशा झुडपाची पेन्सिलीइतकी जाड, फार कोवळी नाही आणि फार जूनही नाही अशी वीतभर फांदी सकाळी कापावी, वरची दोन पाने ठेवून बाकीची काढावीत, खालचा काप डोळ्याच्या लगत तिरकस घ्यावा आणि ती वाळूमिश्रित मातीत सावलीत खोचावी. मुळे धरण्यास महिना-दीड महिना लागतो. तोवर ती उपटून पाहण्याचा मोह आवरावा. जमिनीत कायमच्या जागी ती भाद्रपदाच्या अखेरीस हलवावी, आणि पहिल्या वैशाखात तिच्यावर कळ्या आल्याच तर त्या खुडून टाकाव्यात.