चेनला तेल पाजावं, न्हाऊ घालू नये

सायकल दुरुस्तीला देताना आपल्याकडे एक शब्द हमखास वापरला जातो, ‘ओव्हरऑइलिंग’. ‘सायकल ओव्हरऑइलिंगला टाकलीय, संध्याकाळी मिळेल’, असं आपण सहज बोलून जातो. मीही बोलत होतो. पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं, की मूळ शब्द ‘ओव्हरहॉलिंग’ असा आहे. म्हणजे यंत्र पूर्ण खोलायचं, साफ करायचं, झिजलेले भाग बदलायचे आणि पुन्हा जुळवायचं. यातलं खोलणं, पुसणं, बदलणं आपल्या जिभेवरून गळून पडलं आणि तेल तेवढं शिल्लक राहिलं. तेही ‘ओव्हर’, म्हणजे गरजेपेक्षा जास्त! सायकलच्या चेनच्या बाबतीत आपण जी चूक करतो, ती या एका शब्दात पुरेपूर उतरली आहे.

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिची किंमत माझ्या धाकट्या बहिणीने मोजली आहे. गोष्ट १९८९ सालची. मी सोलापुरात कॉलेजात शिकत होतो. वडिलांची जुनी चोवीस इंची काळी सायकल माझ्याकडे आली होती. चेन कुरकुरायला लागली, की मी मोटारींच्या गॅरेजमधून इंजिनातलं काढून टाकलेलं काळं ऑइल बाटलीत भरून आणायचो. फुकट मिळायचं. चेनवर धार धरायची, पेडल उलटं फिरवायचं आणि तेल जमिनीवर ठिबकायला लागलं की काम झालं, असं मला वाटायचं. चेन कशी काळीकुळकुळीत आणि चमकदार दिसायची! बहिणीची दहावीची परीक्षा दोन आठवड्यांवर आली होती. तिला कॅरिअरवर बसवून मी रेल्वेपुलाचा चढ चढत होतो. सीटवरून उठून सगळा भार पेडलवर टाकला आणि चेनने दात सोडला. पाय एकदम खाली गेला, तोल गेला, आम्ही दोघं रस्त्यावर. मला नुसतं खरचटलं. तिचा उजवा हात कोपरात मोडला. परीक्षा तिने लेखनिक घेऊन दिली. तो हात आजही पूर्ण सरळ होत नाही.

विजापूर वेशीजवळ आमच्या मामूंचं सायकलचं दुकान होतं. तासावर सायकली भाड्याने द्यायच्या आणि दुरुस्तीही करायची. संध्याकाळी मान खाली घालून मी सायकल तिथे नेली. मामू रागावले नाहीत. त्यांनी खिळ्याला अडकवलेली पोलादी फूटपट्टी काढली, चेनवर धरली, मला वाकून बघायला लावलं आणि म्हणाले, “चेन कू तेल पिला रे, नहला नको.” चेनला तेल पाजायचं असतं, तेलाने न्हाऊ घालायचं नसतं. त्यांना काय म्हणायचं होतं, ते समजायला चेनच्या पोटात शिरावं लागतं.

आज आपल्याला सायकल आणि चेन वेगळ्या कल्पनेत येत नाहीत. पण सुरुवातीला सायकलला चेन नव्हतीच. पेडल थेट पुढच्या चाकाला असायची. वेग हवा तर चाक मोठं हवं. म्हणून त्या सायकलींचं पुढचं चाक माणसाच्या छातीपर्यंत येई आणि पडलं तर कपाळमोक्ष ठरलेला. १८८० साली हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्वित्झर्लंडच्या आणि मँचेस्टरला स्थायिक झालेल्या कारखानदाराने बुश आणि रोलर असलेल्या चेनचं पेटंट घेतलं. १८८५ साली जॉन केंप स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल आली. दोन्ही चाकं जवळजवळ सारखी, पेडल मधे आणि त्याची ताकद चेनने मागच्या चाकाला. आपली सायकल आजही त्याच वळणाची आहे.

ही चेन म्हणजे नुसत्या कड्या नव्हेत. एक कडी हाताशी धरून पाहा. बाहेरच्या दोन पट्ट्यांना आरपार जोडणारी पिन असते. पिनीभोवती बुश असतो आणि बुशाभोवती मोकळा फिरणारा रोलर. दात्यावर बसतो तो रोलर. पण चेन वाकते तेव्हा खरं घर्षण होतं ते आत, पिन आणि बुश यांच्यामध्ये. तेल हवं असतं तिथे. बाहेरच्या पट्ट्यांना त्याचा उपयोग गंज रोखण्यापुरता आणि त्याला बोटाने फिरवलेला पातळ हातही पुष्कळ झाला.

आता थोडा हिशेब करू. पुढच्या दातेरी चाकाला ४४ दाते आहेत आणि चेनमध्ये ११२ कड्या आहेत असं धरा. तुम्ही रमतगमत, मिनिटाला ६० वेळा पेडल फिरवता आहात. म्हणजे मिनिटाला २,६४० कड्या दात्यांवरून जातात. एका फेरीत प्रत्येक सांधा चार वेळा हलतो. पुढच्या चाकावर चढताना आणि उतरताना, मग मागच्या फ्रीव्हीलवर चढताना आणि उतरताना. हिशेब केला, तर तासाभरात एकेक सांधा साडेपाच हजारांहून जास्त वेळा वाकतो. त्या सांध्यात स्वच्छ तेल असेल तर काही बिघडत नाही. पण तेलात धूळ कालवली गेली असेल, तर ती पॉलिश पेपरसारखी पिनीला घासत राहते. बाहेर ओघळलेलं तेल रस्त्यावरची धूळ धरून ठेवतं आणि हळूहळू आत पोचवतं. माझं काळं ऑइल तर धूळ बरोबर घेऊनच येत होतं. इंजिनातली काजळी आणि धातूचा बारीक कीस त्यात आधीच होता. चेनला मी तेल म्हणून कानस पाजत होतो.

आपण म्हणतो, ‘चेन वाढली’. पोलाद काही रबरासारखं ताणलं जात नाही. पिन आणि बुश झिजतात आणि दोन कड्यांमधलं अंतर वाढतं. हे अंतर मुळात नेमकं अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. प्रत्येक सांध्यात साध्या कागदाच्या जाडीहून जराशी जास्त झीज झाली, तरी चेन एक टक्क्याने वाढते आणि ११२ कड्यांत मिळून ती १४ मिलिमीटर होते, एका कडीपेक्षा जास्त! दात्यांमधलं अंतर मात्र अर्धा इंचच राहतं. मग रोलर दोन दात्यांच्या खोबणीत तळाशी बसत नाही, दात्याच्या टोकाकडे सरकतो. सपाटीवर हे जाणवत नाही. चढावर जोर लावला, की रोलर दात्यावरून उडी मारतो. पुलावर झालं ते हेच.

हे आधी ओळखता येतं आणि त्याला फूटपट्टीपलीकडे काही लागत नाही. चेन ताणलेली असताना पट्टीचा शून्य एका पिनीच्या बरोबर मध्यावर धरा आणि २४ कड्या मोजा. चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर आली, तर चेन ठणठणीत आहे. गिअरच्या सायकलीत ती १ सोळांश इंच पुढे गेली, की चेन बदलावी. साध्या, एका फ्रीव्हीलच्या सायकलीत आणखी थोडं चालतं. पण १ अष्टमांश इंच ही शेवटची हद्द. तिच्यापुढे गेलात, तर चेन एकटी जात नाही, दात्यांनाही घेऊन जाते. मग झिजक्या दात्यांवर नवी चेन घातली तरी ती उडते. माझी पट्टी अष्टमांशाच्या बरीच पुढे गेली होती. मामूंना चेन, फ्रीव्हील आणि पुढचं चाक, तिन्ही बदलावं लागलं.

आता साफसफाई. आधी पुसणं, मग तेल, मग पुन्हा पुसणं, हा क्रम. त्यातलं तेल सगळ्यात कमी वेळ घेतं. सायकल स्टँडवर लावा. जुन्या सुती कापडाची घडी करून चेनचा खालचा भाग मुठीत धरा आणि दुसऱ्या हाताने पेडल उलटं फिरवा. बोटं दात्यांपासून लांब ठेवा. चेन आणि दाते यांच्यामध्ये सापडलेलं बोट सहजी सुटत नाही. कापड काळं होईल, घडी बदला. तेवढ्याने चेनची बरीच घाण निघते. मळ चिकटून बसला असेल, तर रॉकेलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने घासा. रॉकेल हल्ली सहजी मिळत नाही; सायकलच्या दुकानात मळ काढायचं द्रावण मिळतं, तेही चालतं. पेट्रोल मात्र नको. त्याची वाफ एका ठिणगीने पेट घेते. घासून झाल्यावर चेन पूर्ण वाळू द्या, नाहीतर आत राहिलेलं रॉकेल नवं तेल पातळ करून टाकतं.

साध्या सायकलची चेन काढून धुवायची असेल, तर लॉकवरची बारीक क्लिप शोधा. ती माशासारखी दिसते, एका टोकाला बंद डोकं आणि दुसऱ्या टोकाला फाटलेली शेपटी. परत बसवताना मासा चेनच्या चालीच्या दिशेने पोहायला हवा, डोकं पुढे, शेपटी मागे. उलटा बसवला, तर कशाला अडकून क्लिप निघू शकते.

तेल प्रत्येक रोलरवर एक थेंब. लॉकपासून सुरुवात करा, म्हणजे फेरी कुठे संपली ते कळेल. मग मिनिटभर पेडल उलटं फिरवा. अर्धा तास थांबा, तेवढ्यात तेल आत जिरतं. त्यानंतर कोरड्या कापडाने चेन पुन्हा पुसा, बोट लावलं तर जेमतेम तेलकट लागेल इतकी. बहुतेकजण इथेच चुकतात; आत्ताच घातलेलं तेल पुसायचं त्यांच्या जिवावर येतं. पण जे पुसलं जातं, ते बाहेरचं असतं. आतलं आतच राहतं.

तेल सायकलच्या चेनचं असेल तर उत्तम. शिलाई मशीनचं तेलही चालतं, फक्त ते पातळ असल्याने लवकर लवकर घालावं लागतं. खोबरेल किंवा गोडं तेल घालू नये. ते कालांतराने चिकट होतं. वरून थापलेलं ग्रीस आत शिरत नाही, बाहेर धूळ गोळा करतं. पावसात भिजलेली चेन त्याच दिवशी पुसून तिला तेल द्यावं. आमच्याकडची काळी माती चेनवर वाळली, की लिंपल्यासारखी बसते. एरवी रोज सायकल चालवणाऱ्याने दोन-तीन आठवड्यांनी एकदा हे केलं तरी पुरे.

१९९९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात चेनची चाचणी झाली. पेडलला दिलेल्या ताकदीपैकी ९८.६ टक्क्यांपर्यंत ताकद चेन मागे पोचवते, असं आढळलं. शंभर-सव्वाशे वर्षांच्या जुन्या यंत्राला हे गुण थोडे नाहीत. त्याच चाचणीत प्रयोगशाळेच्या स्वच्छ हवेत तेलाच्या प्रकाराने फारसा फरक पडला नाही. मला यात मामूंचं म्हणणंच ऐकू येतं. चेनचा वैरी धूळ आहे. सांध्यातली जागा तेलाने भरलेली असली, की धुळीला तिथे घर मिळत नाही.

शेवटी चेनचा ताण. साध्या सायकलीत चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली हलवून पाहावं; अर्धा इंचभर हलली पाहिजे. फार सैल असेल तर उतरते, फार ताठ असेल तर बेअरिंग खाते. मागच्या चाकाचे नट सैल करून चाक जरा मागे घेतलं, की ताण येतो. मात्र चाक सरळ आहे ना, ते बघूनच नट आवळावेत.

मामू आता नाहीत. ती पोलादी फूटपट्टी माझ्याकडे आहे. बहिणीची मुलगी गिअरच्या सायकलवर कॉलेजला जाते. महिन्यातून एकदा बहिणीचा फोन येतो, “भाई, चेन बघून जा.” ती दुसरं काही बोलत नाही. मागच्या रविवारी मी गेलो, पट्टी लावली. चोविसावी पिन बारा इंचांपुढे केसभर सरकली होती. चेन पुसली, थेंब थेंब तेल दिलं, पुन्हा पुसली. भाचीला म्हटलं, हा पावसाळा निघेल. दिवाळीत पुन्हा मोजू.