शेलूत पाण्याच्या जारचा धंदा टाकताय? नुसत्या टीडीएस मीटरवर विसंबू नका



शेलू, नेरळ, वांगणी पट्ट्यात नव्या इमारती उभ्या राहतायत. राहायला येणारी बरीच कुटुंबं मुंबई-ठाण्याकडची. त्यामुळे "वीस लिटरच्या जारचा प्लांट टाकला तर चालेल का?" हा विचार तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यात असणार. चालेल. पण मशीनचं कोटेशन मागवण्याआधी हे वाचा.

तुमचा ग्राहक कुठल्या पाण्यावर वाढलाय?

नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने मोठ्या शहरांतल्या नळाच्या पाण्याच्या तपासणीचे निकाल जाहीर केले. मुंबईचे १० पैकी १० नमुने पास झाले, दिल्लीचे ११ पैकी ११ नापास. मुंबईचं पाणी सात तलावांतून येतं, भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होतं, मग नळाला येतं. अशा पाण्याची सवय असलेला माणूस शेलूत तुमचा जार घेणार आहे. त्याची अपेक्षा मोठी असणारच.

आणि मुंबईतसुद्धा पाणी बिघडतं. कुठे? शेवटच्या टप्प्यात. पाणी ठरावीक तासच येतं. ते बंद झालं की पाइपातला दाब उतरतो आणि गळक्या जागेतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. त्यात सोसायटीची टाकी वर्षानुवर्षं धुतलेली नसेल, तर विचारायलाच नको.

पुण्यात काय झालं?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे रुग्ण वाढले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, हातापायातली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून होणाऱ्या पोटाच्या संसर्गानंतर तो होऊ शकतो. महापालिकेने त्या भागातल्या खासगी आरओ प्लांटचं पाणी तपासलं आणि फेब्रुवारीत सुमारे ३० प्लांट सील केले. काहींच्या पाण्यात ई-कोलाय सापडला, काहींकडे परवानगी नव्हती, काही ठिकाणी क्लोरीन वापरलंच जात नव्हतं.

मशीन होती, ग्राहक होते. एका तपासणीत शटर खाली.

आरओचं पाणी खराब कसं होतं?

इथेच बहुतेक नवे लोक फसतात. क्लोरीनने मेम्ब्रेन खराब होतं, म्हणून आधीच्या कार्बन फिल्टरमध्ये ते काढून टाकतात. म्हणजे आरओतून निघालेल्या पाण्याला पुढे काहीच संरक्षण उरत नाही. टाकी मळलेली, जार नीट न धुतलेला, भरणाऱ्याचे हात अस्वच्छ, की जंतू पुन्हा आत. यूव्ही दिवा फक्त त्याच्यासमोरून जाणाऱ्या पाण्यातले जंतू मारतो, पुढच्या जारची जबाबदारी घेत नाही.

आणि टीडीएस मीटर? तो विरघळलेले क्षार दाखवतो. जंतू त्याला दिसत नाहीत. मीटरवर ५० आकडा आला, तरी त्या पाण्याने जुलाब होऊ शकतात.

आता कामाला लागा: पाच पायऱ्या

१. ग्रामपंचायतीत जा. गावच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपलं कोणतं, ते विचारा. जलसुरक्षकाशी ओळख करून घ्या.

२. तुमच्या बोअरचं पाणी सरकारी किंवा मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासा. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे टीडीएस ५०० पर्यंत असावा, नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या आत असावं आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय अजिबात सापडता कामा नये. पावसाळ्यात पुन्हा तपासा.

३. मशीन रिपोर्ट बघून ठरवा. क्षार कमी असतील तर महागडं आरओ कशाला? नीट गाळणं आणि निर्जंतुकीकरण एवढ्यावर भागू शकतं.

४. परवाना आधी, उद्घाटन नंतर. सीलबंद पाण्याला एफएसएसएआयचा परवाना लागतो. नोव्हेंबर २०२४ पासून हे उत्पादन जास्त जोखमीच्या गटात आहे, म्हणजे तपासणी कडक. सुटे थंड जार विकणार असाल तर ग्रामपंचायत आणि एफडीए, दोन्हीकडे लेखी विचारा.

५. टाकी कधी धुतली, जार कशाने धुतले, फिल्टर कधी बदलला, याची वही ठेवा. रोज लिहा.

भाव ठरवताना

लॅबची फी, फिल्टर, जार धुण्याचं पाणी आणि मजुरी, फुटलेले जार हे सगळं जारच्या किमतीत धरा. हे न धरता शेजाऱ्यापेक्षा पाच रुपये स्वस्त दिलं, तर पहिली काटकसर धुलाईतच होणार. आणि आजारी पडणार कुणाचं तरी लेकरू.

लॅबचा ताजा रिपोर्ट दुकानात दर्शनी भागात लावा. त्याच्याइतकी चांगली जाहिरात पैसे देऊनही मिळणार नाही.

भांडवल कमी आहे? मग सोसायट्यांच्या टाक्या धुण्याची सर्व्हिस सुरू करा. पंप, ब्रश, क्लोरीन आणि दोन विश्वासू माणसं यावर सुरुवात होते. फक्त बंद टाकीत एकट्याला कधीच उतरवू नका.

या आठवड्याचा गृहपाठ: मशीनवाल्याला फोन करू नका. आधी पाण्याची बाटली घेऊन लॅब गाठा. रिपोर्ट हातात आला की मग खर्चाचा कागद काढू.